शाळेतील साफसफाई, सुरक्षा आणि बससेवेची कंत्राटे : सही झाल्यानंतरचे काम कोणाचे?

नोंदवही (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या शिक्षणसंस्थेची एक प्राथमिक शाळा, एक माध्यमिक शाळा आणि एक कनिष्ठ महाविद्यालय आहे. गेल्या वर्षी कार्यकारिणीने सेवा-कंत्राटांचे काम माझ्याकडे सोपवले. पहिल्या आठवड्यात मी कपाटातील सगळे करार बाहेर काढले आणि दरमहा किंवा दरवर्षी आपण बाहेरच्या कोणाकोणाला पैसे देतो, याची यादी लेखनिकांकडून करून घेतली. साफसफाई, सुरक्षा रक्षक, विद्यार्थी वाहतूक, उपाहारगृह, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, सीसीटीव्ही, संगणक कक्ष, पालकांसाठीचे ॲप, झेरॉक्स यंत्र, पाणी शुद्धीकरण, कीटकनियंत्रण, सेप्टिक टाकी आणि बाग अशा चौदा सेवा निघाल्या. सही केलेला करार त्यांपैकी पाचच सेवांचा होता आणि त्यातल्याही दोन करारांची मुदत संपलेली होती. उरलेल्या सेवा जुन्या दरपत्रकावर, मागील पानावरून पुढे चालू होत्या.

हा धागा काढण्याचे कारण मात्र त्यानंतर घडले. कंत्राटदारामार्फत आमच्याकडे साफसफाईचे काम करणाऱ्या एक मावशी ओल्या जिन्यावरून पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) रुग्णालयात नेल्यावर कळले, की त्यांच्या नावाची नोंदणीच झालेली नाही. त्यांच्या पगारातून विम्याचा हिस्सा दरमहा कापला जात होता, आणि आमच्याकडे येणाऱ्या बिलातही मालकाच्या हिश्शाची वेगळी ओळ होती. प्रत्येक बिलाला विम्याचे पैसे भरल्याच्या चलनाची प्रत जोडलेली होती. ते चलन कंत्राटदाराच्या दुसऱ्याच कामावरील माणसांचे होते. आम्ही ते मोजून, टाचून, शिक्का मारून फाइलला लावत होतो, वाचत नव्हतो.

उपचारांचा खर्च संस्थेने केला आणि तो करायलाच हवा होता. कायद्याच्या दृष्टीनेही आम्हाला हात झटकता आले नसते. १९४८ च्या राज्य विमा कायद्यापासून चालत आलेल्या नियमानुसार कंत्राटदाराच्या माणसांचा हिस्सा भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्याकडे काम चालते त्या संस्थेवर, असते. तो भरून मग कंत्राटदाराकडून वसूल करायचा असतो. वेतनाचेही तसेच आहे. कंत्राटदाराने वेतन बुडवले तर ते मुख्य मालकाने द्यावे, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील तत्त्व २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही कायम आहे. म्हणजे काम दुसऱ्याकडे दिले तरी दायित्व आपल्याकडेच राहते, आणि आमच्यासारख्या बहुतेक संस्थांमध्ये हे दायित्व सांभाळणारी व्यक्तीच नेमलेली नसते.

माझा प्रश्न करारात कोणती कलमे असावीत एवढ्यापुरता नाही. नमुना करार हवे तितके मिळतात. करारावर सही झाल्यावर बारा महिने तो कोण पाळतो, कोण तपासतो आणि कशावरून तपासतो, याविषयी आपापल्या संस्थांमधील प्रत्यक्ष पद्धत कृपया लिहावी.

जमाखर्च

ताई, काही धर्मादाय संस्थांचे लेखापरीक्षण मी करतो. आपण सांगितलेला चलनाचा प्रकार मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. एकच चलन पाच ठिकाणी जोडले जाते, कारण चलनावर फक्त एकूण रक्कम असते. म्हणून चलनाबरोबर कामगारनिहाय विवरण मागावे. भविष्य निर्वाह निधीच्या विवरणात प्रत्येकाचे नाव, यूएएन (निधीचा कायमचा खाते) क्रमांक आणि त्या महिन्याचे वेतन असते. ते आपल्या फाटकावरील हजेरीपटाशी ताडून पाहावे. पंधरा माणसांसाठी हे अर्ध्या तासाचे काम आहे. याखेरीज दर तीन महिन्यांनी दोन-तीन कामगारांना बसवून त्यांच्याच मोबाइलवर त्यांचे निधीचे पासबुक उघडून दाखवावे. कागद खोटा असू शकतो. त्या पासबुकातील नोंद कंत्राटदाराला बदलता येत नाही.

खरी चूक मात्र बिलाच्या आधी, दर ठरवतानाच झालेली असते. तीन दरपत्रके मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दर मंजूर करायचा, ही आपली सवय वस्तू घेताना ठीक आहे. माणसांच्या कामाला ती जशीच्या तशी लावली, की घोटाळा होतो. एक साधे गणित मांडतो. किमान वेतन व विशेष भत्ता मिळून दरमहा १४,००० रुपये होतात असे समजा. (खरा आकडा आपल्या परिमंडळाप्रमाणे पाहावा.) त्यावर निधीचा मालकाचा हिस्सा प्रशासकीय खर्च व विमा धरून १३ टक्के, म्हणजे १,८२० रुपये. राज्य विम्याचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ४५५ रुपये. बोनस ८.३३ टक्क्यांनी १,१६६ रुपये. एवढ्यातच १७,४४१ रुपये झाले. गणवेश, फिनेल, झाडू, रजेवरील माणसाच्या बदलीचा खर्च आणि कंत्राटदाराचा नफा यात अजून आलेलाच नाही. आता एखाद्याने 'सर्व धरून' प्रतिमाणशी १५,५०० रुपयांचा दर दिला असेल, तर उरलेले पैसे कोणाच्या खिशातून जाणार आहेत हे विचारण्याची आवश्यकता नाही. असा दर मंजूर करणाऱ्या सभेला ते कळायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून निविदेत वैधानिक देणी सर्वांना सारखी लिहून द्यावीत आणि स्पर्धा केवळ सेवाशुल्क व साहित्याच्या दरावर ठेवावी. सेवाशुल्क शून्य किंवा नाममात्र लिहिणाऱ्याला बाद करण्याची अट असावी, कारण कोणीही शून्य नफ्यावर धंदा करत नाही. महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. ही वाढ आपोआप लागू होईल, असे करारात नसेल तर जुलैनंतर कामगाराला जुनाच पगार मिळत राहतो आणि दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे शाळांचे पैसे विनाकारण जातात. पूर्वप्राथमिक ते उच्च माध्यमिक शिक्षण देणाऱ्या संस्थेला तिच्या आवारात दिलेली साफसफाई, हाउसकीपिंग आणि सुरक्षा सेवा, तसेच विद्यार्थी व कर्मचारी वाहतूक आणि खानपान सेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत. तरीही १८ टक्के कर लावलेली बिले शाळा भरत असतात, आणि शाळेला त्याची वजावटही मिळत नाही. आपले कनिष्ठ महाविद्यालय या सवलतीत बसते. वरिष्ठ महाविद्यालय बसत नाही. सीसीटीव्ही, लिफ्ट, सॉफ्टवेअर यांच्या देखभालीवर कर लागतोच, तेव्हा सरसकट नकार देऊ नये. देयकातून उद्गम कर (टीडीएस) कापताना कंत्राटदार वैयक्तिक मालक असेल तर १ टक्का आणि भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर २ टक्के, हेही पाहावे.

निवृत्त_मुख्याध्यापिका

पैशांविषयी 'जमाखर्च' यांनी सांगितले. मला माणसांविषयी लिहायचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. त्या प्रकरणातील आरोपी हा कंत्राटी पद्धतीने त्याच महिन्यात कामावर आलेला सफाई कर्मचारी होता. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये सीसीटीव्ही, तक्रार पेटी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी याविषयीच्या सूचना दिल्या. तपासणीची अट कायम कर्मचाऱ्यांबरोबरच बाह्यस्रोतामार्फत आलेल्यांनाही आहे.

प्रत्यक्षात काय होते? करार करताना कंत्राटदार दहा जणांचे चारित्र्य पडताळणीचे दाखले आणून देतो. दोन महिन्यांनी त्यातले चार जण निघून जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. सकाळी सात वाजता फाटकावर जो उभा असतो त्याचा दाखला कोणाकडेच नसतो, कारण तो 'बदली' असतो. मुख्याध्यापक म्हणून माझ्या शेवटच्या चार वर्षांत मी एक नियम केला होता. दाखला आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र आधी कार्यालयात जमा झाल्याशिवाय कोणतीही नवी व्यक्ती आवारात येणार नाही. त्या दिवशी माणूस कमी पडला तर वर्ग शिपाई झाडतील, प्रसंगी आम्ही झाडू. यासाठी कंत्राटदाराने दोन-तीन राखीव माणसांची पडताळणी आधीच करून ठेवावी, अशी अट करारात घालून घेतली होती. सुरुवातीला कुरबुर झाली. तीन महिन्यांनी ती थांबली, कारण कंत्राटदाराला आम्ही माघार घेणार नाही हे कळले.

लहान मुलांच्या स्वच्छतागृहांकडे फक्त स्त्री कर्मचारी असाव्यात, हेही करारात नावानिशी लिहावे. 'योग्य ती काळजी घेतली जाईल' या वाक्यावर कोणालाही जबाबदार धरता येत नाही.

अनुदानित शाळांच्या बाबतीत एक गोष्ट सांगितली पाहिजे. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने नव्या शिपाई पदांऐवजी शाळांना ठोक शिपाई भत्ता देण्याचे धोरण आले. पूर्वी तीस-तीस वर्षे नोकरी करणारे शिपाईमामा प्रत्येक मुलाला आणि त्याच्या आजीलाही ओळखत असत. मुलाला न्यायला अनोळखी माणूस आला, तर मामा त्याला फाटकातच अडवत. ती ओळख कोणत्याही करारात लिहून मिळत नाही. म्हणून निदान तीच तीच माणसे वर्षभर राहतील, त्यांना वेळेवर पगार मिळेल, एवढे तरी आपण पाहावे.

कंत्राटी_सेवा

मी स्वतः एक छोटी हाउसकीपिंग संस्था चालवतो आणि या चर्चेत आमची बाजू यावी, म्हणून लिहीत आहे. वर ज्यांनी चलन फिरवले त्यांचे मी समर्थन करणार नाही. त्यांच्यामुळेच आम्ही दिलेला प्रामाणिक दर 'महाग' ठरतो.

पण शाळा पैसे कधी देतात, हेही पाहावे. कामगारांचा पगार सात तारखेच्या आत द्यावा लागतो. निधीचे आणि विम्याचे पैसे पंधरा तारखेपर्यंत भरावे लागतात. शाळेचे बिल मात्र मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, लेखा विभाग, सचिव, कोषाध्यक्ष अशा पाच सह्या होऊन दोन-दोन महिन्यांनी निघते. सुट्टीत विश्वस्त गावी गेले की तेही थांबते. तोपर्यंत मी पतपेढीच्या कर्जावर पगार करतो. ज्याच्याकडे असे कर्ज काढण्याची ऐपत नाही तो सर्वांत आधी निधीचा भरणा थांबवतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार 'उद्यम' ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे देयक लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि नेल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे व्याज मी कधी मागितलेले नाही, कारण मागितले तर पुढच्या वर्षी काम मिळणार नाही.

दुसरे असे, की आम्हाला काम मोजून द्यावे. 'शाळेची संपूर्ण स्वच्छता' असे लिहिले जाते. मग स्नेहसंमेलनाचा मंडप, परीक्षा मंडळाची केंद्रे, निवडणुकीचे मतदान केंद्र, रविवारचा वधू-वर मेळावा हे सगळे त्यातच धरले जाते. किती चौरस फूट, किती स्वच्छतागृहे, दिवसातून किती वेळा, आणि जादा कामाचा दर काय, एवढे लिहिले तर दोघांचेही भांडण वाचेल.

नोंदवही (धागाकर्ती)

दादा, आपला प्रतिसाद वाचून मी आमची बिले तपासली. मागील वर्षी साफसफाईची बिले मंजूर व्हायला सरासरी चाळीस दिवस लागले होते आणि मे महिन्याचे बिल जुलैच्या शेवटी निघाले. मावशींच्या बाबतीत जे घडले त्याची सबब म्हणून मी हे लिहीत नाही. त्या कंत्राटदाराने त्यांचे पैसे कापून घेतले होते. पण आमच्या पाच सह्यांचाही यात भाग आहे, हे मान्य करायला हवे.

तिसरी_घंटा

मी पालक म्हणून शाळेच्या परिवहन समितीत आहे. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ ची स्वतंत्र नियमावली आहे. तिच्यानुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि शाळा व वाहतूकदार यांच्यात करार करावा लागतो. अनेक शाळा 'पालकांनी आपल्या जबाबदारीवर वाहन ठरवावे' असे पत्रक काढून मोकळ्या होतात. बसवर शाळेचे नाव रंगवलेले, वेळापत्रक शाळेचे, थांबे शाळेने ठरवलेले. अशा वेळी ते पत्रक कितपत टिकेल याची मला शंका आहे.

आमच्या समितीत आम्ही बसची कागदपत्रे एका तक्त्यात आणली. योग्यता प्रमाणपत्र, विमा, परवाना, पीयूसी आणि चालकाचा परवाना अशा पाच मुदती प्रत्येक बसच्या पुढे लिहिल्या आणि मुदतीच्या महिनाभर आधी वाहतूकदाराला पत्र जाऊ लागले. पहिल्याच फेरीत दोन बसगाड्यांचे योग्यता प्रमाणपत्र संपलेले आढळले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या निर्देशांत चालकाला जड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, असे म्हटले होते. करार होताना असा चालक दाखवला जातो, पण जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा तोच चालक आहे का हे कोणी विचारत नाही. मुलांना विचारावे. 'नवे काका आले' हे त्यांना पहिल्या दिवशी कळते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या करारात दीर्घ बंदीविषयी एकही ओळ नव्हती. पालक शुल्क देईनात, वाहतूकदाराचे कर्जाचे हप्ते थांबेनात, आणि कष्टाळू चालक भाजी विकू लागले. आता आमच्या करारात शाळा पंधरा दिवसांहून अधिक बंद राहिल्यास द्यावयाची किमान रक्कम लिहिलेली आहे, आणि त्यातला ठरावीक भाग चालक व मदतनीस ताईंच्या पगारासाठीच आहे.

गृहनिर्माण_सचिव

शाळेचा अनुभव नाही; पण १२० सदनिकांच्या सोसायटीचा सचिव म्हणून थोडे लिहितो. लिफ्टच्या वार्षिक देखभालीत 'सर्वसमावेशक' या शब्दावर विसंबू नये. आमच्या करारात शेवटच्या पानावर दोर, मोटर आणि नियंत्रण पॅनेल वगळलेले होते, म्हणजे खर्चाचे जे काही असते ते सगळेच. अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र २००६ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक अभिकरणाकडून घेऊन सादर करायचे असते. कंत्राटदार तपासणी न करताच प्रमाणपत्र पाठवून देत असे. आता पंप चालू करून, वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब दाखवल्यावरच मी बिलावर सही करतो.

सेप्टिक टाकीविषयी मात्र विनंती आहे. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीत मृत्यू झाल्यास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. शाळा सुट्टीत, कोणी नसताना हे काम उरकतात. यंत्राशिवाय काम होणार नाही असे कार्यादेशातच लिहावे आणि काम चालू असताना संस्थेचा एक जबाबदार माणूस तेथे उभा राहावा.

संगणक_कक्ष

पालकांच्या ॲपचा करार सगळ्यात दुर्लक्षित असतो, कारण त्याचे पैसे थोडे असतात. पण मुलांची नावे, पत्ते, छायाचित्रे, रक्तगट, बस थांबा हे सारे त्या कंपनीकडे असते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आहे, आणि माहिती हाताळणारी कंपनी चुकली तरी जबाबदारी ती माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर, म्हणजे शाळेवर, ठेवली आहे. आमच्या शाळेने कंपनी बदलायची ठरवली तेव्हा जुन्या कंपनीने सहा वर्षांच्या शुल्कनोंदी देण्यासाठी वेगळे पैसे मागितले. करारात बाहेर पडण्याचे कलमच नव्हते. माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल आणि त्यांच्याकडील प्रत कधी नष्ट होईल, हे सही करण्यापूर्वीच ठरवावे. आपोआप नूतनीकरणाचे कलम असेल तर ते काढून टाकावे.

जमाखर्च

दंडाच्या कलमाविषयी राहिले होते. 'प्रत्येक चुकीस ५,००० रुपये दंड' अशी भीतिदायक कलमे लिहून उपयोग नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्यातून वाजवी भरपाईच देते. गैरहजर माणसाचे त्या दिवसाचे पैसे आणि त्याच्या जोडीला ठरावीक टक्के कपात, असे मोजता येणारे कलम रोज वापरता येते. कपात मात्र सेवाशुल्कातून व्हावी, कामगाराच्या वेतनातून होऊ नये, हे शब्दांत लिहावे. तसेच विश्वस्तांच्या नातलगाला बाजारभावापेक्षा जास्त दराने काम दिले तर संस्थेची आयकर सवलत धोक्यात येते. अशा वेळी संबंधित विश्वस्ताने नाते लेखी सांगून सभेतून बाहेर जावे आणि त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी.

नोंदवही (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल कार्यकारिणीची सभा झाली, म्हणून पुढची हकिगत कळवते.

प्रत्येक कंत्राटासाठी एक नाव ठरले. साफसफाई व सुरक्षेसाठी पर्यवेक्षक, बससाठी परिवहन समितीतील एक शिक्षिका, लिफ्ट व अग्निशमन यंत्रणेसाठी मी, ॲपसाठी संगणक शिक्षक. त्या व्यक्तीच्या लेखी शेऱ्याशिवाय बिल पुढे जाणार नाही आणि शेरा तीन दिवसांत द्यावा लागेल. सह्या पाचांवरून दोनांवर आणल्या आहेत. कामगारनिहाय विवरण आलेले असेल तर बिल दहा दिवसांत द्यायचे, असा ठराव झाला. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी खर्च वाढेल, अशी हरकत घेतली. तेव्हा जमाखर्च यांचे १७,४४१ रुपयांचे गणित मी फळ्यावर मांडले. त्यानंतर साफसफाईच्या बिलांत गेली दोन वर्षे भरलेला १८ टक्के कर दाखवला. कर बंद झाल्यावर जी रक्कम वाचते तिच्यातून कायदेशीर वेतनाची वाढ बऱ्याच अंशी भागते, हे पाहून त्यांनी हरकत मागे घेतली.

मावशींचे प्लास्टर निघाले आहे. त्यांची नोंदणी झाली आणि कार्ड त्यांच्या हातात आले. ते कार्ड मी स्वतः पाहिले. जुन्या कंत्राटदाराची अनामत आम्ही रोखून धरली आहे आणि कापलेल्या हिश्शाचा हिशोब त्याच्याकडून लेखी मागितला आहे. नवी निविदा एप्रिलमध्ये काढायची आहे. कंत्राटी_सेवा यांनी सांगितल्याप्रमाणे चौरस फूट आणि स्वच्छतागृहांची मोजणी येत्या शनिवारी सुरू करत आहोत. मोजणीचा तक्ता तयार झाला की येथे देईन. त्यात काही राहिले असेल तर निविदा निघण्याआधी सांगावे.